भूत न दाखवता वाडा दुष्ट कसा वाटावा? भयपटातली जागा आणि माणसं

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

वीस-बावीस मिनिटांच्या मराठी भयपटाची जुळवाजुळव चालू आहे. जागा ठरली आहे. वाईजवळचा दुमजली चौसोपी वाडा: दिंडी दरवाजा, देवडी, मधे चौक, चारी बाजूंनी सोपे, मागे माजघर आणि स्वयंपाकघर, परसात विहीर. छत कडीपाटाचं, वरच्या मजल्यावर उंची जेमतेम सात फूट. माजघराच्या भिंतीत धान्याचं जुनं बळद आहे.

गोष्ट अशी. दोन भावांपैकी धाकटा वारला. त्याच्या बायकोच्या नावावर निम्मी जमीन. थोरल्या दिराने तिला बळदात कोंडून मारलं, घरातल्या बाकीच्यांनी तोंड बंद ठेवलं आणि गावाला सांगितलं, ‘ती माहेरी निघून गेली.’ काही वर्षांनी घरात नवी सून येते आणि तिला हळूहळू उमगत जातं. भूत कुठेच नाही. ज्यांनी हे केलं तीच माणसं सुनेला आग्रहाने वाढतात, तिची काळजी घेतात.

पटकथा वाचणारे म्हणतात, ‘ही तर गुन्ह्याची गोष्ट झाली, यात भय कुठे आहे?’ मला अमानवी काही घालायचं नाही, पण वाडाच अंगावर यायला हवा. कॅमेरा, प्रकाश, आवाज आणि पटकथा या चारही बाजूंनी नेमकं काय करता येईल? बजेट बेताचं आहे. शेवटी चित्रपट यूट्यूबवर जाणार, म्हणजे बहुतेक लोक तो मोबाइलवर पाहतील.

---

माजघर

पटकथेपुरतं सांगतो.

रहस्यपट आणि भयपट यांत घटना एकच असू शकते. कोणाला काय आणि केव्हा कळतं, यावर फरक ठरतो. ‘कोणी केलं?’ हे शेवटपर्यंत झाकून ठेवलंत तर रहस्यपट होईल. सहाव्या-सातव्या मिनिटाला प्रेक्षकाला कळू द्या, की घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त सुनेला नाही. मग पुढच्या पंधरा मिनिटांत सासूचं ‘तिकडे जाऊ नकोस गं, अंधार आहे’ एवढं साधं वाक्यही पोटात गोळा आणतं.

जागा दुष्ट वाटते ती तिथल्या कृत्यामुळे. शनिवारवाड्याचंच घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना तिथे मारलं. आतले महाल १८२८ च्या आगीत गेले, तट, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली. तरी लोक आजही सांगतात ती ‘काका, मला वाचवा’ ही हाक. त्या दंतकथेत आकृती नाही, पांढरी साडी नाही. एक कृत्य आहे, त्यामागे घरचंच माणूस आहे आणि त्याच माणसाकडे केलेली विनवणी आहे. तुमच्या गोष्टीत या तिन्ही गोष्टी आधीच आहेत. भर कशात घालायची तर त्यांतच.

‘तुंबाड’ (२०१८) ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडा. त्यात हस्तर आहे, म्हणजे अमानवी आहेच. पण १९१८, १९३३ आणि १९४७ या तीन टप्प्यांत वाडा तोच राहतो आणि वाढत जाते ती विनायकची हाव. नियम पक्के आहेत: पिठाची बाहुली, पिठाचं रिंगण, बाहुलीवर हस्तर तुटून पडला की तेवढ्या वेळात हाताला येतील तेवढ्या मोहरा. हे नियम प्रेक्षकाला पाठ होतात, म्हणून शेवटी एकाऐवजी खूप बाहुल्या न्यायची कल्पना निघते तेव्हा काय होणार हे त्याला पात्रांच्या आधी कळतं. आणि ती कल्पना सुचते मुलाला. दुष्टपणा वाड्यातून घरात, बापाकडून पोरात आलेला तिथे दिसतो.

तुमच्या वाड्यालाही दोन-तीन नियम द्या आणि सुरुवातीला कारण सांगू नका. एवढं मोठं बळद असून धान्य पोत्यांत भरून सोप्यावर रचलेलं. बळदाच्या भिंतीला टेकून कोणी बसत नाही. पंगत मांडताना त्या बाजूचा पाट रिकामा राहतो. प्रेक्षक आधी याला वास्तूचा दोष समजेल. नंतर प्रत्येक नियमाचं कारण साधं, मानवी निघेल: बळदाचं तोंड लिंपून टाकलंय, म्हणून धान्य पोत्यांत. तुम्हाला हवं ते भय या जागी आहे, कारण वाडा शापित असता तर घरच्यांचा दोष हलका झाला असता.

---

पन्नास एमएम

कॅमेऱ्याचं आणि प्रकाशाचं मी सांगतो. लांबेल.

आधी प्रेक्षकाला वाडा पाठ करून द्या. पहिल्या चार मिनिटांत एक सलग चाल हवी: दिंडी, देवडी, चौक, सोपा, माजघर. कॅमेरा सुनेच्या मागे, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे पावणेपाच-पाच फुटांवर. मधे कट नको. ही चाल नीट झाली नाही तर पुढचं काहीच चालणार नाही. ओळखीची न झालेली जागा बिघडलेली वाटूच शकत नाही. लघुपटांत नेमकी हीच चूक होते. पहिल्या मिनिटापासून तिरक्या फ्रेमा आणि अंधार, मग दहाव्या मिनिटाला वाढवायला काही उरत नाही.

जागा पाठ झाली की ती हलकेच खोटी करायची. ‘द शायनिंग’ (१९८०) मधलं हॉटेल बाहेरून ओरेगनमधलं टिंबरलाइन लॉज आहे, आतला बहुतेक भाग इंग्लंडमध्ये एल्स्ट्री स्टुडिओत बांधलेला. त्यात मॅनेजरच्या खोलीला भरपूर उजेडाची खिडकी आहे, पण भोवतालच्या बोळांचा हिशोब मांडला तर तिथे बाहेरची भिंत असूच शकत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या ते सहसा लक्षात येत नाही, तरी काहीतरी जुळत नाही हे मनात राहतं. तुम्ही वाडा बांधणार नाही, त्यामुळे हे लेन्सने करा. देवडीपासून माजघरापर्यंतचा तोच शॉट, सुरुवात तीच, शेवट तोच. पहिल्यांदा ३५ मिमीवर घ्या आणि पंधराव्या मिनिटाला २४ वर, कॅमेरा पात्राच्या जवळ नेऊन. हे आकडे फुलफ्रेम कॅमेऱ्याचे. त्याहून लहान सेन्सरचा, एपीएस-सी असेल तर साधारण २४ आणि १६. पात्र तेवढंच दिसेल, पण मागचा सोपा लांबेल आणि दार दूर जाईल. लोकांना लेन्स बदलल्याचं कळणार नाही. घर वाढलंय एवढं जाणवेल.

याहून रुंद लेन्स जपून. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजने ‘द हाँटिंग’ (१९६३) साठी पॅनाव्हिजनची ३० मिमीची लेन्स मागितली, ती तेव्हा पुरती तयार झालेली नव्हती आणि कडेच्या रेषा वाकवायची. ती सदोष आहे हे मान्य असल्याचं त्याने लिहून दिलं, तेव्हा ती मिळाली. त्या चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. भिंती वाकतात, दार आतल्या बाजूला फुगतं, तेवढंच. पण तुमच्या सोप्यात लाकडी खांबांची रांग आहे. फुलफ्रेमवर १६ मिमीने कडेचा खांब वाकला की ते भय न वाटता लेन्सचा दोष वाटेल, आणि माणूस कडेला असेल तर त्याचा चेहरा पसरेल. अशी एकच फ्रेम ठेवा, रिकाम्या माजघराची.

कडीपाटाचं ठेंगणं छत ही तुमच्या हातातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. कॅमेरा जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवलात की तुळया फ्रेममध्ये येतात आणि खोली वरून दाबल्यासारखी होते. अडचण एवढीच, की छत दिसतं तेव्हा वरून दिवा टांगता येत नाही. दिवे तुळईच्या पलीकडच्या अंगाला, नाहीतर शेजारच्या खोलीतून दारातून.

दारांचाही उपयोग करा. ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) मध्ये शेजारची म्हातारी आतल्या खोलीत फोनवर बोलते आणि दाराच्या चौकटीने तिला अर्धं कापलंय. कॅमेरामन विल्यम फ्रेकरने सांगितलंय, की थिएटरात ती दिसावी म्हणून माणसं खुर्चीतच एका बाजूला झुकली. वाड्याची दारं अरुंद, चौकटी जाड. कॅमेरा फूटभर बाजूला सरकवा: सासूचे पोळी लाटणारे हात दिसतात, चेहरा दिसत नाही. यासाठी खर्च शून्य.

आता अंधार. अंधार दाखवण्यासाठी कमी उजेडात शूट करू नका. अंधाराला उजेड द्यावा लागतो. वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाची पातळी ० ते १०० मध्ये दाखवणाऱ्या आलेखावर, चेहऱ्याची उजळ बाजू ३० च्या आसपास, सावल्या ३ ते ५, आणि फ्रेममध्ये कुठेतरी एक ठिपका ८०-९० वर: कंदिलाची काच, समई, चौकातलं पाणी. हा ठिपका नसेल तर डोळ्याला काळं कशाच्या तुलनेत काळं ते कळत नाही आणि सगळं करड्या चिखलासारखं दिसतं. फ्रेमच्या कडा काळ्या हव्या असतील तर सोप्यात दोन्ही बाजूंना काळं कापड टांगा. ‘द इनोसंट्स’ (१९६१) मध्ये कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसने फिल्टरच्या कडा हाताने रंगवून रुंद पडद्याच्या बाजू बुजवल्या होत्या. तुम्ही ते नंतर ग्रेडिंगमध्येही, म्हणजे रंग आणि उजेड जुळवताना, करू शकता, पण सेटवर केलेलं जास्त खरं दिसतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेमवर १८० अंशांचं शटर, २४ वर शूट करणार असाल तर १७२.८, दोन्हीकडे सेकंदाचा पन्नासावा भाग येतो आणि साधे बल्ब लुकलुकत नाहीत. स्वस्त एलईडी तरीही लुकलुकू शकतो, म्हणून प्रत्येक बल्ब आधी त्याच कॅमेऱ्यावर त्याच शटरने तपासा.

खऱ्या ज्योतीचा कंदील नको. काच काजळते, ज्योतीची उंची दर शॉटला बदलते, कट जुळत नाहीत. आत २०००-२२०० केल्विनचा मंद होणारा, बॅटरीवरचा बल्ब बसवा आणि चेहऱ्यावर पडणारा उजेड फ्रेमबाहेरच्या दुसऱ्या दिव्यातून द्या, त्याच रंगाचा. चौकातला चंद्र एकाच दिव्याचा असावा. दोन दिवे लावले की खांबाला दोन सावल्या पडतात आणि सगळा बनाव उघडा पडतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर, चंद्राचा दिवा ४३०० ते ४८०० वर, म्हणजे निळसर राहील पण निळाभोर होणार नाही.

धुरकट हवा हवी असेल तर ग्लायकॉलचं हेझ मशीन भाड्याने घ्या. धूप-उदाचा धूर थरांनी वर चढतो आणि प्रत्येक शॉटमध्ये वेगळा दिसतो. उघड्या चौकात तर काहीच टिकत नाही. माजघर बंद करा, मशीन थोडा वेळ चालवा, पुठ्ठ्याने हवा हलवा आणि धुकं सारखं पसरल्यावरच कॅमेरा सुरू करा.

आणि तो थोरला दीर. त्याला कधीही खालून उजेड देऊ नका, लाल नको, खालचा अँगल नको. घरातला सगळ्यांत चांगला, मऊ उजेड त्याच्या वाट्याला द्या. ‘सायको’ (१९६०) मुख्यतः ५० मिमीवर शूट झालाय, माणसाच्या नजरेच्या जवळ जावं म्हणून. त्यात शेवटी खुनी निघणारा नॉर्मन पाहुणीला सँडविच आणि दूध आणून देतो ते सच्च्या आपुलकीने. भुसा भरलेले पक्षी भिंतींवर आहेत, पण कॅमेरा त्याच्याविरुद्ध आधीच निकाल देऊन बसलेला नाही. तुमच्या दिराच्या हातून सुनेच्या ताटात तूप वाढतानाचा शॉट असाच, शांत ५० वर घ्या.

---

गावठाण

पटकथेतली एक फट सांगते, कारण ती गावाकडच्या प्रेक्षकाला लगेच दिसेल.

‘ती माहेरी निघून गेली’ ही थाप टिकत नाही. माहेरचे चौकशीला येतील. एक तर माहेरी कोणी उरलेलं नाही असं करा, नाहीतर थाप बदला: ‘कोणाबरोबर तरी निघून गेली.’ दुसरी थाप जास्त भयंकर, कारण गाव ती पटकन मानतं आणि माहेरचेही लाजेने शोध सोडतात. म्हणजे गावही गुन्ह्यात सामील झालं.

जमिनीचं बघा. ती बेपत्ता झाल्याने सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. वारस नोंदीचा फेरफार करायला मृत्यूचा दाखला लागतो, आणि तो यांच्याकडे नाही. मिळवायचा तर मृतदेह दाखवावा लागेल. जमीन कसता येते, विकता येत नाही. आपल्या कायद्यात एक वाट आहे: ज्यांना तिची खबर सहज लागायला हवी होती अशा लोकांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर ती मृत असल्याचं गृहीत धरता येतं. प्रत्यक्षात त्यासाठी दिवाणी न्यायालयातून तसं जाहीर करून घ्यावं लागतं.

म्हणून ‘काही वर्षांनी’ असं मोघम ठेवू नका. सून येते ते सातवं वर्ष असू द्या. घरातली माणसं शांतपणे दिवस मोजताहेत. कॅलेंडरवर एक खूण, वकिलाचा एक फोन, ‘आता दोनच महिने राहिलेत’ असं जेवताना सहज आलेलं वाक्य. तलाठ्याकडून आणलेल्या उताऱ्यावर सुनेला अनोळखी बाईचं नाव दिसतं, तिथून तिचा शोध सुरू होऊ शकतो.

---

उंबरठा

सातव्या वर्षाची कल्पना पटकथेत घेतो आहे, गावठाण ताई. वाचणाऱ्यांच्या आक्षेपाला तिथे उत्तर मिळतं. थापही बदलतो.

आवाजाचं कोणी सांगेल का? शूटिंग पावसाळ्याच्या शेवटाला असेल, रात्री रातकिडे जोरात असतात. भिंतीच्या आतून ठोकल्याचा आवाज वापरायचा मोह होतोय. पार्श्वसंगीत ठेवावं की नाही, तेही ठरत नाही.

---

पागोळी

भिंतीतून ठोकल्याचा आवाज घेतलात की भूत आलं. मग तुमचा सगळा मांडणीचा पाया गेला. त्याऐवजी ठोकणारी सून असू द्या.

ती माजघराच्या भिंतींवर मुठीने चाचपत जाते. चुन्याच्या जाड भिंतीचा आवाज कोरडा, टणक. रिकामं बळद घुमलं पाहिजे. ती बळदाच्या भिंतीवर ठोकते आणि आवाज बद्द येतो. धान्य तर सोप्यावर पोत्यांत आहे, मग आत भरलंय काय? तीन ठोके, तीन वेगळे आवाज, एकही संवाद नाही. हे तिन्ही आवाज लोकेशनवर स्वतंत्र रेकॉर्ड करा: माइक भिंतीपासून फूटभर, आणि एक संपर्क माइक भिंतीलाच चिकटवून. मिक्समध्ये दोन्ही एकत्र.

प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज दिवसा आणि रात्री वेगळा घ्या, किमान साठ सेकंद, सगळे श्वास धरल्यासारखे स्तब्ध. फ्रिज बंद करावा लागेल. तो पुन्हा चालू करायचा विसर पडू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची. ही आवाजवाल्यांची जुनी युक्ती आहे आणि वाडामालकाचं दूध नासण्यापासून वाचवते.

दाराचा, कडीचा, रहाटाचा आवाज तीन अंतरांवरून घ्या: फूटभर, दहा फूट, चौकाच्या पलीकडून. नंतर नुसता आवाज बारीक करून अंतर दाखवता येत नाही. लांबचा आवाज लहान तर होतोच, शिवाय त्याची धार जाते आणि घुमणं वाढतं. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीला आवाज लांबून जवळ येतो, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून चालत माइककडे येत गायल्या. पंचाहत्तर वर्षांनंतरही ते अंतर कानाला खरं वाटतं.

कौलांवर पाऊस पडत असताना संवाद घेऊ नका, नंतर तो पाऊस काढता येत नाही आणि कटाकटाला त्याचा जोर बदलतो. संवाद कोरड्यात, पाऊस वेगळा: कौलांखालून, चौकातून आणि पागोळ्यांचा जवळून.

रातकिडे हा तुमचा फायदा आहे. माजघराच्या दृश्यात ते एकदम बंद केले तर लोकांना संकलनाची चूक वाटेल. आठ-दहा सेकंदांत उतरवत न्या. कोणाच्या लक्षात येत नाही, पण अंग सावध होतं. खाली पूर्ण शून्यावर मात्र जाऊ नका. खोलीचा रिकामा आवाज उणे साठ डेसिबलच्या आसपास राहू द्या, नाहीतर मोबाइलवर व्हिडिओ अडकला असं वाटतं.

संगीत. ‘सायको’साठी बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यं वापरली, आणि काळ्या-पांढऱ्या चित्राला तो एकच रंग पुरला. तुम्हीही एकच आवाज निवडा, आणि तो घरातलाच असू द्या. माझं मत जात्याला. पहाटे सासू दळते, म्हणजे त्या आवाजाला गोष्टीतच कारण आहे. रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने वाजवलंत की स्वर एक सप्तक खाली जातो आणि खाली घरघर, वर दगडाची खरखर असा थर मिळतो. ही खरखर महत्त्वाची. नुसती चाळीस हर्ट्झची घरघर घातलीत तर मोबाइलच्या स्पीकरवर काहीच ऐकू येणार नाही. साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली त्याचा फारसा उपयोग नसतो. सुरुवातीला जातं दिसू द्या, पुढे न दिसता फक्त ऐकू येऊ द्या.

दचकवण्यासाठी मोठा धमाका नको. यूट्यूब उणे चौदा एलयूएफएसपेक्षा (हे सरासरी मोठेपणाचं माप) मोठा आवाज खाली आणतं, लहान आवाज मात्र वर उचलत नाही. धमाका मोठा दिसावा म्हणून संवाद दाबलेत तर लोक आवाज वाढवतील, मग धमाका कानाला टोचेल आणि हेडफोन काढून ठेवतील. आवाजाचं सर्वांत वरचं टोक (ट्रू पीक) उणे एक डेसिबलच्या वर नको.

---

परसदार

कला आणि सुरक्षितता.

खऱ्या बळदात कोणाही नटाला उतरवू नका. हवा खेळत नाही, चुन्याची धूळ असते, विंचू-साप असू शकतात. वेगळं बळद बांधा: दोन बाय दोन इंचाच्या लाकडी चौकटीवर बारा मिमीचं प्लाय, आतून साडेतीन बाय तीन फूट, उंची सहा फूट. एक बाजू पूर्ण निघणारी, तिथे कॅमेरा बसतो आणि नटीला चटकन बाहेर येता येतं. आतून गोणपाट ठोकून त्यावर मातीचा लेप. तीन भाग माती आणि एक भाग बारीक भुसा. भुसा कमी पडला तर वाळताना भेगा जातात आणि लेप प्लायवरून सुटतो. पावसाळी हवेत वाळायला बराच वेळ लागतो, म्हणून आठवडाभर आधी करा. लिंपलेलं तोंड आजूबाजूच्या भिंतीपेक्षा किंचित वेगळ्या रंगाचं ठेवा. पहिल्या दृश्यापासून ते मागे दिसत राहावं, कोणीही त्याचा उल्लेख करू नये.

वाड्याच्या मूळ भिंतीला खिळा नाही, चिकटपट्टी नाही. पट्टी ओढताना चुना सोबत येतो. असलेल्या खुंट्या वापरा, नाहीतर दोन भिंतींमध्ये बांबू ताणून बसवा.

वरच्या मजल्यावर माणसं आणि सामान कमी ठेवा. तुळया वरून ठणठणीत दिसतात आणि भिंतीत शिरतात तिथे वाळवीने खाल्लेल्या असतात. गावातल्या जाणत्या सुताराला आधी दाखवा. वजन भिंतींच्या कडेला, मध्यावर ट्रॉलीचे रूळ नकोत. दिवे घराच्या जुन्या वायरिंगवर लावू नका. जनरेटर लांब, वाड्याच्या मागे, नाहीतर त्याची घरघर प्रत्येक संवादात येईल. अग्निशामक दोन, एक खाली आणि एक वर.

आता एक वस्तू. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात. सुनेला पहिल्या दिवशी ज्या तांब्यातून पाणी देतात त्यावर दुसऱ्याच बाईचं नाव आणि लग्नाची तारीख असू द्या. घरच्यांनी तिचे कपडे जाळले असतील, फोटो काढून टाकले असतील. पितळेची भांडी टाकवली नाहीत, किंमत येते म्हणून. हाव आणि पुरावा एकाच तांब्यात. पुढे सातबाऱ्यावर तेच नाव दिसलं की संवाद लागत नाही. नाव जुन्या पद्धतीने ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकून घ्या. यंत्राने कोरलेलं नाव नवं दिसतं.

---

ओसरी

मारलेल्या बाईबद्दल एक विनंती आहे. तिला कुठेही, सुनेच्या स्वप्नातसुद्धा, विस्कटलेल्या केसांनी आणू नका. विधवा आणि म्हाताऱ्या बायकांचं बाह्य रूप वापरून आपल्या भयपटांनी खूप वर्षं भीती उभी केली, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचीच भीती प्रेक्षकाला घातली. ती दाखवायचीच असेल तर एकदाच, चौकात, दिवसाढवळ्या, हसताना.

‘लपाछपी’ (चित्रपटगृहांत २०१७) मध्ये दिशा बरोबर होती. उसाच्या फडात वेढलेलं घर, बाहेर पडायला वाट नाही, आणि मुळाशी मुलगी नको म्हणणारी माणसं. त्याचेच दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी तोच विषय २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा केला. माणसातला दुष्टपणा एका घरात कोंडायचा असेल तर ‘कौन’ (१९९९) पाहा: एक घर, तीन माणसं, एकही गाणं नाही.

आणि हो, तुमचा वाडा वाईकडचा आहे हे बरंच आहे. आकेरीला चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) मालिकेनंतर कोकणातलं जुनं घर पडद्यावर आलं की मराठी प्रेक्षक लगेच भुताची वाट पाहतो. देशावरच्या वाड्याशी ती सवय एवढी जोडलेली नाही, त्याला तुम्ही माणसांकडे बघायला लावू शकता. प्रसिद्धीत मात्र वाड्याचं किंवा गावाचं खरं नाव घालून ‘झपाटलेला वाडा’ म्हणू नका. तिथे माणसं राहतात.

---

उंबरठा

खूप मोलाचं मिळालं. तांब्या आणि तीन ठोके नक्की घेणार. पन्नास एमएम, एक शेवटचं: मोबाइलवर गडद दृश्यांत काळ्या भागात चौकोन आणि पट्टे दिसतात. ते टाळायला शूटिंगलाच काही करावं लागतं का?

---

पन्नास एमएम

हो, सुरुवात तिथूनच. कॅमेरा दहा-बिटमध्ये रेकॉर्ड करणारा घ्या. आठ-बिटमध्ये भिंतीवरचा उजेडाचा उतार पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि नंतर काही उपाय नाही. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, कॅमेऱ्याच्या मूळ पायरीवर ठेवा. उजेड कमी पडला तर आयएसओ चढवण्याआधी दिवा जवळ आणा. सपाट, रिकामी काळी भिंत टाळा, तिथे खुंटी, कोनाडा, टांगलेली घोंगडी असं काहीतरी पोत असलेलं ठेवा, म्हणजे पट्टे पडायला मोकळी जागाच मिळत नाही.

ग्रेडिंग झाल्यावर अगदी हलका ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा बारीक दाणेदारपणा, घाला. तो पट्टे मोडतो. जास्त घातलात तर कॉम्प्रेशन त्याच्याच मागे खर्ची पडतं आणि चौकोन वाढतात, म्हणून एक मिनिटाचा सर्वांत गडद भाग आधी खासगी अपलोड करून पाहा. चित्रपट १०८० मध्ये संपादित केला असला तरी ४के करून चढवा. यूट्यूब मोठ्या फाइलला जास्त बिटरेट देतं. आणि तपासणी दिवसा, खिडकीशेजारी बसून, साध्या फोनवर, निम्म्या ब्राइटनेसवर करा. बळदाच्या तोंडाचा तो वेगळा रंग तिथे दिसला नाही, तर ग्रेडिंगमध्ये फक्त तेवढा तुकडा थोडा उजळवा, बाकी फ्रेमला हात लावू नका.